उजेडाचा रंग आणि अंधाराचे तास

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या ब्रॉयलर पक्ष्याचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे असते. ४० ग्रॅमच्या आसपास वजनाचे एकदिवसीय पिल्लू शेडमध्ये येते आणि ३५ ते ४० दिवसांत दोन किलोचे होऊन गाडीत चढते. या काळात किती पोती खाद्य लागले, किती पक्षी मेले, लस कधी दिली, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेले खाद्य) किती आला, याची नोंद शेडच्या कार्डावर रोज होते. उजेडाची नोंद मात्र कुठेच नसते. बल्ब किती आणि वीजबिल किती, एवढ्यावर तो विषय संपतो. खरे तर पक्षी कधी खाणार, किती चालणार, कधी झोपणार, त्याचे पाय त्याचे वजन पेलणार की नाही, या सगळ्यांत उजेडाचा वाटा आहे. उजेडालाही अनेक अंगे आहेत: रंग, तीव्रता, तास आणि लुकलुक. त्यांतला रंग सर्वांत आकर्षक, म्हणून त्याच्याविषयी दावेही सर्वाधिक होतात. निळ्या-हिरव्या दिव्यांखाली पक्षी लवकर वाढतो, हा त्यांतला मुख्य दावा. तो खोटा नाही. पण तो कोणत्या शेडमधून आला, त्यात काय मोजले आणि काय मोजायचे राहिले, हे पाहिल्याशिवाय परभणी जिल्ह्यातल्या उघड्या शेडला तो लावता येत नाही.

सुरुवात पक्ष्याच्या डोळ्यापासून करावी लागते. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, कोंबडीच्या डोळ्यात चार प्रकारच्या. त्या साधारण ४१५, ४५५, ५०८ आणि ५७१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, म्हणजे अनुक्रमे जांभळ्या, निळ्या, हिरव्या आणि तांबूस पट्ट्यांना. यांखेरीज हालचाल आणि उजळपणा टिपणाऱ्या जोडशंकूपेशी वेगळ्या. बहुतेक शंकूपेशींच्या तोंडाशी तेलाचा एक रंगीत थेंब असतो. तो गाळणीसारखे काम करतो आणि जवळजवळच्या दोन छटा अधिक स्वच्छपणे वेगळ्या करून दाखवतो. माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाशाचा काठही कोंबडीला काहीसा दिसतो. शेडमध्ये अंथरलेले तूस, खाद्याचा दाणा, शेजारच्या पक्ष्याचे पीस या गोष्टी तिला आपल्यापेक्षा अधिक रंगांत दिसत असणार. उलट अंधारात ती जवळजवळ आंधळीच. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्याकडे परततात, हे गावात लहान मुलालाही ठाऊक असते.

हा डोळा घडला तो रानात. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा हा झाडोऱ्याखाली, पानांतून गाळून आलेल्या हिरवट उजेडात वावरणारा पक्षी. सह्याद्रीच्या जंगलात आढळतो तो करडा रानकोंबडा. त्याचाही पाळीव कोंबडीत अंश आहे: कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आले असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. झाडाखालचा मंद उजेड आणि मोकळ्यावरचे लख्ख ऊन, पहाटेचा तांबूस प्रकाश आणि भर दुपारचा पांढरा, या सगळ्यांत वावरून घडलेल्या प्राण्याला जन्मभर एकाच रंगाच्या दिव्याखाली ठेवणे ही मोठी गोष्ट आहे. ती केवळ वजनाच्या आकड्यावर ठरवणे योग्य नाही.

डोळा वेगळा आहे म्हटल्यावर मोजमापही वेगळे हवे. उजेड लक्समध्ये मोजतात, पण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, म्हणून लक्समीटरही त्या प्रकाशाला झुकते माप देतो. इंग्लंडमधले संशोधक प्रेस्कॉट आणि वॅथेस यांनी १९९९ मध्ये कोंबडीची वर्णसंवेदना मोजली. कोंबडीची संवेदना निळ्या आणि तांबड्या बाजूंना माणसापेक्षा जास्त असल्याचे त्यांना आढळले. याचा व्यवहारातला अर्थ असा की मीटरवर १० लक्स दाखवणारा निळा दिवा आपल्याला मंद वाटला तरी पक्ष्याला तो बराच उजळ दिसतो. रंगांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांत दिवे लक्समध्ये सारखे केलेले असतात. तिथे पक्ष्याच्या दृष्टीने रंगाबरोबर उजळपणाही बदललेला असतो, आणि दिसलेला परिणाम नेमका कशाचा हे सांगणे अवघड होते. रंगीत दिव्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

पक्ष्याला उजेड केवळ डोळ्यातूनच कळतो असेही नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले की मेंदूच्या आतही उजेड ओळखणारी केंद्रे आहेत. लांब तरंगलांबीचा तांबडा प्रकाश पिसे, कातडी आणि कवटी भेदून तिथवर अधिक सहज पोहोचतो आणि प्रजननाची यंत्रणा जागी करतो. अंड्यांवरच्या कोंबड्यांना तांबूस छटेचा उजेड मानवतो तो यामुळे. ब्रॉयलर वयात येण्याआधीच उचलला जात असल्याने तांबड्या रंगाचा हा फायदा त्याच्या कामाचा नाही. ‘तांबड्या दिव्याने उत्पादन वाढते’ हे वाक्य अंडीवाल्याकडून ऐकून मांसाच्या पक्ष्यांना लावले जाते, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

ब्रॉयलरवरचे प्रयोग पाहू. १९७४ साली अमेरिकेत वॅबेक आणि स्कोग्लंड यांनी वेगवेगळ्या रंगांच्या ट्यूबलाइटखाली पक्षी वाढवले, तेव्हा निळ्या-हिरव्या बाजूचे पक्षी तांबड्या बाजूच्या पक्ष्यांहून वजनाला पुढे राहिले. एलईडी आल्यानंतर एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणे सोपे झाले. इस्रायलमध्ये रोझेनबोइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ४८० नॅनोमीटरचा निळा आणि ५६० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तांबड्या आणि पांढऱ्या प्रकाशाशी ताडून पाहिला. हिरव्याचा फायदा पहिल्या दिवसांत दिसला, निळ्याचा पुढच्या वयात. म्हणून २००४ मध्ये त्यांनी सुरुवातीला हिरवा आणि नंतर निळा असा क्रम लावून पाहिला, आणि वाढ आणखी सुधारली. याचे एक कारण स्नायूंत सापडले. पिलाच्या पहिल्या काही दिवसांत स्नायूला चिकटून असलेल्या राखीव पेशी वेगाने विभागतात आणि पुढे त्यांच्यातूनच स्नायूचा धागा जाड होतो. हिरव्या उजेडात या पेशींची संख्या वाढल्याचे इस्रायली गटाने १९९८ मध्येच नोंदवले होते. बीजिंगच्या चायना ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीतल्या गटाने २००८ मध्ये याच दिशेचे निष्कर्ष मांडले: लहान वयात हिरवा, मोठ्या वयात निळा.

हे सगळे प्रयोग बंदिस्त खोल्यांतले आहेत. तिथे बाहेरचा एक किरण आत येत नाही आणि दिव्याचा रंग हाच पक्ष्याचा सगळा उजेड असतो. ही अट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

वाढीचे दुसरे कारण अधिक साधे आहे, आणि पक्ष्याच्या कल्याणाचा प्रश्न त्यातूनच निघतो. निळ्या-हिरव्या उजेडात पक्षी शांत राहतात, जास्त वेळ बसतात. तांबड्या उजेडात चालतात, पंख ताणतात, तूस उकरतात, एकमेकांना टोचतातही जास्त. जो बसून राहतो त्याची ऊर्जा वाचते आणि वाचलेली ऊर्जा वजनात जाते. शेडच्या कार्डावर ही जमेची बाजू दिसते. पक्ष्याच्या पायांपाशी हिशेब वेगळा होतो. इंडोनेशियाच्या संशोधक प्रायित्नो यांनी ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांसोबत १९९७ मध्ये नेमके हेच तपासले. सुरुवातीच्या दिवसांत उजळ तांबडा प्रकाश दिला तर पिलांची हालचाल वाढते आणि पुढच्या वयात पायांच्या तक्रारी कमी होतात, असे त्यांना दिसले. उत्पादनाला त्याने बाधा आली नाही.

इथे दोन सल्ले समोरासमोर येतात. एक म्हणतो, आधी हिरवा मग निळा. दुसरा म्हणतो, आधी तांबडा मग निळा. दोन्हींमागे प्रामाणिक प्रयोग आहेत. एकाने तराजू पाहिला, दुसऱ्याने पाय पाहिले, आणि ज्याने जे मोजले त्याला त्याचे उत्तर मिळाले. रंगीत दिव्याच्या जाहिरातीत यातले एकच उत्तर छापलेले असते.

पाय ही ब्रॉयलरची दुखरी बाजू आहे. स्नायू झपाट्याने वाढावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली, हाडे आणि सांधे त्या वेगाने घडले नाहीत. ब्रिटनमध्ये ५१,००० पक्ष्यांची चाल तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्के पक्षी वाईट चालीचे निघाले आणि ३.३ टक्क्यांना जवळजवळ चालताच येत नव्हते. चाल बिघडण्याशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला त्यांत रोजचा अंधाराचा काळ कमी असणे ही एक होती. पाचव्या आठवड्यात शेडमधून सावकाश चालत गेले की हे कोणत्याही गावात पाहायला मिळते. पुढचे पक्षी वाट देत उठतात, चार पावले टाकतात आणि धपकन बसतात. एखादा उठतच नाही, पंख टेकवून अंगाखालचे तूस मागे लोटत सरकतो. तो हातात घेऊन उलटा केला तर पायाच्या वळणाच्या सांध्यावर तपकिरी डाग दिसतो, तळव्याला खपली धरलेली असते. ओल्या तुसातल्या अमोनियाने भाजलेल्या या जागा आहेत, आणि त्या भाजतात कारण पक्षी दिवसभर तिथेच बसलेला असतो. बसून राहणे या एका गोष्टीला तराजूच्या बाजूने शांतपणा म्हणतात. पायाच्या बाजूने तीच गोष्ट आजाराची सुरुवात असते. गप्प बसलेला पक्षी सुखात आहे असे धरून चालणे ही रंगीत उजेडाच्या चर्चेतली सर्वांत मोठी चूक आहे. उठू शकणाऱ्या पक्ष्याने विसावणे आणि उठता न येणाऱ्याने बसणे यांतला फरक कोणत्याही दिव्याखाली पाहणाऱ्यालाच शोधावा लागतो. व्यवहाराच्या अंगानेही हे तोट्याचे आहे: करारावर पक्षी पाळणाऱ्याचा मोबदला उचललेल्या वजनावर असतो, आणि लंगडे पक्षी उचलीच्या दिवशी मागे राहतात.

रंगाच्या आधी तीव्रता आणि अंधार यांचा विचार करावा लागतो, कारण त्यांचे परिणाम अधिक ठाम आहेत. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान विद्यापीठात १, १०, २० आणि ४० लक्स अशी तुलना २०१० च्या सुमारास झाली. एक लक्सच्या अंधूक शेडमधल्या पक्ष्यांचे डोळे आकाराने मोठे झाले आणि उजेड जितका मंद तितक्या तळव्याच्या जखमा अधिक दिसल्या. त्याच विद्यापीठात कॅरन श्वीन-लार्डनर यांनी रोज १४, १७, २० आणि २३ तास उजेड देऊन पक्षी वाढवले. रात्रभर दिवे लावले की पक्षी रात्रभर खातो आणि जास्त वाढतो, हा समज सगळीकडे आहे. पण २३ तास उजेडातले पक्षी २० तासवाल्यांपेक्षा हलके भरले. अंधाराचे तास वाढत गेले तशी खाद्याची किंमत अधिक वसूल झाली, मर कमी झाली, चाल सुधारली. अंधारात मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन स्रवते, शरीराचे घड्याळ लागते, झोप होते, आणि सगळ्या शेडचे पक्षी एकाच वेळी झोपत असल्याने झोपलेल्याच्या अंगावरून दुसरा जात नाही. रंग बदलून जे काही टक्के मिळवायचे, त्याहून अधिक काही दिवा विझवून मिळते, आणि त्याला खर्च लागत नाही.

युरोपीय संघाने २००७ च्या ब्रॉयलर निर्देशात या दोन गोष्टींनाच कायद्यात जागा दिली: पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर किमान २० लक्स, आणि पहिला आठवडा व शेवटचे तीन दिवस सोडून रोज किमान सहा तास अंधार, त्यातले चार तास सलग. रंगाविषयी तिथे सक्ती नाही. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या कोंबड्या आणि ब्रॉयलर यांच्यासाठी स्वतंत्र नियम करावेत अशी शिफारस केली. ती शिफारस शेडपर्यंत पोहोचवायची तर रंगापेक्षा अंधाराच्या तासांपासून सुरुवात करणे सोपे आणि अधिक उपयोगाचे आहे.

आता हे सगळे पिंगळीसारख्या गावी आणून पाहू. पिंगळी हे परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे गाव, काळ्या रानाचे, कापूस-सोयाबीन-ज्वारीचे. इकडे शेतात बांधायचे शेड म्हणजे उघडे शेड: लांबी पूर्व-पश्चिम, दोन्ही लांब बाजूंना हात-दीड हात उंचीची भिंत, वर जाळी, बाहेरून पडदे, वर पत्रा. पूर्व-पश्चिम बांधणी अशासाठी की ऊन सरळ आत शिरू नये. हा पट्टा उत्तर अक्षांश १९ अंशांच्या जरा वर येतो. इथला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. म्हणजे वर्षभर रोज निम्मा काळ शेडमध्ये सूर्याचा उजेड असतो, आणि तो दिव्याच्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. बाहेर भर दुपारी लाखभर लक्सपर्यंत ऊन असताना जाळीच्या आत शेकडो लक्स सहज येतात. अशा शेडमध्ये दिवसा निळा एलईडी लावला काय आणि पिवळा लावला काय, पक्ष्याला तो जाणवणारही नाही. इस्रायल-चीनच्या प्रयोगांतला रंगाचा परिणाम इथे फक्त रात्रीपुरता उरतो, आणि रात्रीच्या तासांतले काही तास अंधाराला द्यायचे असतील तर त्याहूनही कमी.

यात नुकसान काहीच नाही. सूर्याचा उजेड हा सर्व रंगांचा उजेड आहे, जांभळ्या काठासह. तो पहाटे हळूहळू वाढतो, सांजेला हळूहळू उतरतो, ढग आले की बदलतो. युरोपातल्या ब्रॉयलर कल्याणाच्या नव्या मागण्यांत किमान ५० लक्स, आणि त्यात नैसर्गिक उजेड असावा असे म्हटले जाते. त्यासाठी तिथे बंद शेडच्या भिंती फोडून खिडक्या बसवाव्या लागतात. पिंगळीच्या उघड्या शेडला तो उजेड आपसूक मिळतो. उघडे शेड मागासलेले आणि बंद शेड पुढारलेले, असे सरसकट म्हणण्याआधी ही गोष्ट मोजली पाहिजे.

तरीही उघड्या शेडमध्ये रंग अजिबात नसतो असे नाही. तो पडद्यातून येतो. हिवाळ्यात परभणीकडे कडाक्याची थंडी पडते, तेव्हा पिलांच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांत पडदे दिवसाही बरेचसे लावलेले असतात. पडदा पोत्यांचा असेल तर आत तपकिरी अंधूकपणा येतो. निळ्या ताडपत्रीचा असेल तर सगळे ब्रुडिंग (पिलांना ऊब देण्याचा काळ) निळसर उजेडात होते, पिवळ्या ताडपत्रीचा असेल तर पिवळसर. हिरव्या शेडनेटमधून येणारा बराचसा उजेड छिद्रांतून सरळ येतो, त्यामुळे तो पांढराच राहतो, फक्त कमी होतो आणि त्याला किंचित हिरवट झाक येते. राखीव स्नायूपेशी विभागण्याचे दिवस नेमके हेच. म्हणजे जो रंग निवडण्यासाठी प्रयोगशाळेत खास दिवे लावले, तो इथे ताडपत्रीच्या दुकानात भाव पाहून नकळत निवडला जातो. नवा पडदा घेताना फिकट, उजेड पसरवणारा घेणे हे साधे आणि सुरक्षित आहे. रंगासाठी म्हणून पडदा जास्त वेळ लावून ठेवणे मात्र चुकीचे. वरून फट ठेवली नाही की अमोनिया कोंडतो, आणि डोळे चुरचुरणाऱ्या हवेचे नुकसान कोणताही रंग भरून काढत नाही.

रात्रीच्या दिव्याचा रंगही अलीकडच्या वर्षांत कोणी न ठरवता बदलला आहे. पूर्वी शेडमध्ये ६० किंवा १०० वॅटचे पिवळे बल्ब असत. तापलेल्या तारेचा तो उजेड तांबड्या बाजूला भरपूर आणि निळ्या बाजूला अगदी कमी. शिवाय तो ऊब देई, म्हणून ब्रुडिंगला उपयोगी पडे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, एलईडी स्वस्त झाले आणि घरांबरोबर शेडमधले बल्बही बदलले. बाजारात सर्वाधिक खपणारा एलईडी पांढराशुभ्र, ६५०० केल्व्हिनचा. त्याच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो. विजेच्या बचतीसाठी केलेल्या या बदलाने पक्ष्याची रात्र तांबूस होती ती निळसर झाली. बचत खरी आहे आणि ती हवीच. पण बल्ब बदलताना तीन गोष्टी सोबत बदलल्या पाहिजेत. ऊब गेली, तेव्हा ती ब्रुडरने भरून काढावी लागते. पक्ष्याला पांढरा एलईडी माणसाला वाटतो त्याहून उजळ दिसतो, तेव्हा पूर्वीइतकेच बल्ब लावायची गरज नसते. आणि अगदी स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. आपल्याला ते दिसत नाही. कोंबडीचा डोळा मात्र सेकंदाला ८० हून अधिक वेळा होणारी लुकलुक ओळखू शकतो असे चाचण्यांत दिसले आहे, म्हणजे ही १०० ची लुकलुक त्या सीमेच्या फार जवळ आहे. चांगल्या ड्रायव्हरचा (दिव्यातला वीज स्थिर करणारा भाग) दिवा घेणे हे रंगाचा दिवा घेण्याहून महत्त्वाचे आहे. दिवा कोणताही असो, तो नेमका खाद्याच्या भांड्यांच्या आणि पाण्याच्या निप्पलच्या रांगेवर सारखा पसरला पाहिजे. बल्बखाली लख्ख आणि कोपऱ्यात काळोख असेल तर पक्षी बल्बखाली दाटतात आणि तिथले तूस आधी ओले होते.

मग शेतकरी रात्रभर दिवे का ठेवतो? त्यामागे अज्ञान नाही, भीती आहे, आणि ती खरी आहे. वीज अचानक गेली की दचकलेली पिले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. जाळीपाशी मुंगूस किंवा कुत्रे आले तर उजेडात निदान कळते. पण ज्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे पक्ष्याला अंधाराची सवयच नसणे हा सर्वांत मोठा धोका आहे. ज्या पिलाने अंधार कधी पाहिलाच नाही तेच वीज गेल्यावर दचकते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज ठरलेल्या वेळी तासभर दिवे मालवायचे, आठवड्यानंतर ते वाढवत चार ते सहा तासांवर न्यायचे. एकदम सगळे न विझवता रांगेरांगेने विझवले तर पिले आपापल्या जागी बसतात. शेवटी एखादा मंद दिवा थोडा वेळ राहू द्यावा. इथे रंगाचा उपयोग आहे: हा शेवटचा मंद दिवा निळा असला तर पक्षी लवकर निवांत होतात. अंधाराआधी भांडी भरलेली असावीत आणि उजेड झाल्यावर सगळ्यांना एकदम खाता येईल इतकी भांडी असावीत, नाहीतर दुबळा पक्षी मागे राहतो.

उन्हाळा हा इथला वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर परदेशी पुस्तकात तयार मिळत नाही. एप्रिल-मे मध्ये परभणीचा पारा ४२ अंशांपुढे जातो. दुपारी पक्षी चोच उघडून धापा टाकतो, खात नाही, आणि खाल्ले तर पचनाच्या उष्णतेने मरण्याचा धोका वाढतो. म्हणून उन्हाच्या वेळी खाद्य वर उचलून ठेवण्याची पद्धत आहे. मग खायचे कधी? रात्री. आणि रात्री खायचे तर उजेड हवा. अंधाराचे सगळे तास पहाटेकडे ठेवले तर दिवसातला सर्वांत थंड, खाण्याला सर्वांत चांगला वेळ झोपेत जातो. उन्हाळ्याच्या बॅचला त्यामुळे वेगळी घडी लागते: दिवेलागणीनंतर शेड थोडे निवले की पाणी आणि थोडे खाद्य, मग मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे चार तास सलग अंधार, आणि नंतर पहाटेपर्यंत उजेड. या पहाटेच्या उजेडाचा रंग पांढरा किंवा उबदार पिवळसर असलेला बरा, कारण इथे पक्षी उठून भांड्यापर्यंत चालत गेला पाहिजे. त्याला शांत बसवण्याची ही वेळ नव्हे.

बंदिस्त, पंखे आणि कूलिंग पॅडच्या ईसी शेडमध्ये मात्र रंग हा खरा निर्णय ठरतो. तिथे सूर्य नाही. मालक बटणावर जो रंग लावेल तोच पक्ष्याचा दिवस. तिथे पहिले आठ-दहा दिवस भरपूर, २० लक्सच्या वर, पांढरा किंवा हिरवी छटा असलेला उजेड द्यावा. पिलू भांडे शोधते, चालते, त्याची हाडे कामाला लागतात. पहिल्या रात्री गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपून पाहिली की उजेड पुरेसा होता की नाही हे कळते: भरलेली आणि मऊ असेल तर पिलाला भांडे दिसले आहे. पुढे छटा थोडी निळ्या-हिरव्याकडे नेली तरी चालेल, पण केवळ निळाच, तोही अंधूक, आणि तोही २३ तास, ही योजना वजनाचा कागद सुंदर करते आणि पाय बिघडवते. चौथ्या आठवड्यापासून रोज ठरलेल्या जागी थांबून किती पक्षी न ढोसता उठतात आणि किती बसूनच राहतात हे मोजले, तर दिव्याची निवड बरोबर आहे की नाही याचे उत्तर त्याच शेडमधून मिळते.

उघड्या शेडसाठीचे पक्के आकडे तयार व्हायचे असतील तर ते इथेच व्हावे लागतील. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि पिंगळी तिथून हाकेच्या अंतरावर. एकाच मालकाच्या दोन सारख्या शेडमध्ये, एकाच हॅचरीची पिले, एकाच ऋतूत, फक्त रात्रीचा दिवा आणि अंधाराचे तास वेगळे ठेवून पाहता येतील. तीव्रता पक्ष्याच्या डोळ्याच्या हिशेबाने सारखी केलेली असावी, आणि वजनाबरोबर चाल, सांध्यावरचे डाग, तळव्याच्या जखमा आणि मर मोजलेली असावी. हिवाळ्याची एक बॅच, उन्हाळ्याची एक आणि पावसाळ्याची एक घेतल्याशिवाय मराठवाड्याच्या उजेडाविषयी काही ठाम म्हणता येणार नाही.

निळ्या दिव्याचा एक उपयोग मात्र वादाच्या पलीकडचा आहे, आणि तो बॅचच्या शेवटच्या रात्री येतो. उचल बहुतेक रात्री होते. गाडी शेडला लागते, क्रेट उतरतात, पकडणारी माणसे आत येतात. पांढऱ्या लख्ख उजेडात शिरले की पक्षी पळतात, भिंतीला दाटतात, पंख आपटतात. पंख मोडतात, मांडीला रक्त साकळते, खालचे गुदमरतात. याऐवजी सगळे दिवे बंद करून एक-दोन मंद निळे बल्ब ठेवले तर माणसाला पुढचे दिसते आणि पक्षी बसून राहतो. तेव्हा बसलेल्या पक्ष्याजवळ वाकून, दोन्ही हातांनी पंखांवरून धरून, थोडे थोडे करून क्रेटमध्ये ठेवता येतात. घाई केली तर निळ्या दिव्याखालीही पंख मोडतातच, म्हणून माणसे पुरेशी लावावी लागतात. गाडी भरली की पडदे उघडतात, आणि रिकाम्या शेडमध्ये पहाटेचा उजेड तुसावर पडतो.